अंगणाबाहेरची हाक

धडगावला जीप भरत आली होती आणि मी टपावर बसायचं की आत, यावरून ड्रायव्हरशी कचाकचा भांडत होतो. भांडलो नसतो तर रडलो असतो. खाली बाबा उभा. माझी बायको नाशिकची, ती सासऱ्यांना अहो-जाहो करते. पण आमच्या पावरी बोलीत बापाला ‘तू’च म्हणतात, तेव्हा मीही इथे उगाच सोंग करत नाही. जीप हलली तसा तो म्हणाला, “जा. शिक. पण तिकडंच बूड टेकवू नको.”

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, बूड मी कुठेच टेकवलं नाही हो! जर्मनीत ड्रेस्डेनला पीएचडी केली, मग तिथेच संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात लागलो. दिवसभर पांढऱ्या झग्यात, डोळे तेवढे उघडे. घरी जेवताना मध्येच उठून खिडकीशी जातो. बायको म्हणते, “पायाला भिंगरी आहे तुमच्या.” सातपुड्यात आमची घरं एकेका टेकडीवर सुटी, तरी सगळ्यांची सगळ्यांना खबर. इथे भिंतीला भिंत, पण शेजारच्या आजींनी तक्रार केली ती थेट इमारत सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरकडे, आमची लेक रविवारी घरात धावते म्हणून. लेक रेवा. पावरीत बोललेलं सगळं तिला कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

२००७च्या उन्हाळ्यात बाबा आला. तेव्हा कंपनीने मला कायमची नोकरी देऊ केली होती, हो म्हणायचं बाकी होतं. परत कधी येतोस, हे तो विचारणार, याची मला धास्ती. विमानतळावर विचारलं नाही. ट्राममध्ये नाही. बाल्कनीत बसून एल्बेकडे बघत राहायचा आणि म्हणायचा, “नदी बरी आहे.” 

त्यात युर्गेनचं आमंत्रण आलं. हा माझ्याच विभागातला. वर्षभर चिप्स तपासतो आणि उन्हाळ्यात नदीकाठी आपल्या क्लबाबरोबर तंबू ठोकून अमेरिकेतल्या आदिवासींसारखा राहतो. इथल्या साक्सनी प्रांतात हे वेड जुनंच. कातडं स्वतः शिवतात, मणी स्वतः ओवतात. त्या वर्षी त्यांनी खेळ बसवला होता: एकोणिसाव्या शतकातला एक सैनिक सरहद्द ओलांडतो आणि जमातींच्या वस्त्या-वस्त्यांतून प्रवास करतो. सैनिक अर्थात युर्गेन. “आल्झो, म्हणजे तुझे वडील तर खरे आदिवासी,” तो म्हणाला, “त्यांना आणायलाच हवं!” माझं डोकंच फिरलं. माझा बाप म्हणजे काय प्रदर्शन आहे? पण रेवाने हट्ट धरला, आणि गेलो.

बाबाला तंबूशेजारी मानाची जागा दिली. पिसं लावलेली गोरी माणसं बघून तो हसेल असं मला वाटलं होतं. छे! त्याने कातड्याची शिवण बोटांनी चाचपून पाहिली, चुलीतली लाकडं नीट सारली आणि तिथल्या बाईला म्हणाला, “चांगलं ठेवलंय घर.” त्याच्या लेखी ती घरंच होती.

तेवढ्यात निळा कोट, लाकडी बंदूक अशा थाटात युर्गेन आला आणि तरातरा चालत तंबूचा पडदा उचलून आत शिरायला लागला. बाबा ताडकन उठला.

“ए! थांब! कुणाच्या घरात असं शिरतात का? लांब उभा राहा, आधी हाक मार!”

 युर्गेन माझ्याकडे बघतोय, बाबा काय म्हणाला ते मी सांगावं म्हणून. आणि आठ वर्षांची रेवा कमरेवर हात ठेवून जर्मनमध्ये कडाडली, “बाहेर जा! माझा आजा म्हणतो, आधी हाक मार!”

युर्गेन खरंच मागे गेला. झाडाखाली उभा राहिला आणि त्याने हाक मारली. बाबाने ओ दिली, स्वतः जाऊन त्याला पाणी दिलं, आणि तो पिऊन होईपर्यंत एक शब्द विचारला नाही. आमच्याकडे पाहुण्याचं असंच करतात. मग म्हणाला, “आमच्या डोंगरात पण बंदूकवाले आले होते. माझ्या आजाच्या आजाच्या वेळी. हाक न मारता आले. अजून गेले नाहीत.”

मी भाषांतर केलं. युर्गेनने टोपी काढली. मग विचारलं, “मी तुमच्या गावाला आलो तर चालेल?”

“ये की,” बाबा म्हणाला. “अंगणाबाहेर थांब, हाक मार. पाणी मिळेल.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, राग नाही काही नाही, “तू पण. आता येशील तेव्हा हाक मारून ये.”

तोंडात मारली असती तर परवडलं असतं. घरच्या पोराला हाक मारावी लागत नाही, तो सरळ आत जातो. मी ज्या प्रश्नाला घाबरत होतो, त्याचं उत्तर त्याने परस्पर देऊन टाकलं होतं. त्या रात्री मी चिडलो, बायकोवर उगाच खेकसलो. पण उत्तर चूक होतं असं काही मला म्हणता येईना. सोमवारी मी नोकरीला हो म्हणालो.

पुढे दोन वर्षांनी रेवाला घेऊन गावी गेलो. जीप गेली, धूळ खाली बसली, मी टेकडी चढून अंगणाच्या कडेला उभा. वाटलं, बापाचं म्हणणं गेलं खड्ड्यात, जावं सरळ आत. पाय उचलेना.  आपल्याच घराला काय म्हणून हाक मारायची? घर कुठलं तुझं, असं तुम्ही लोक मला विचारता ना, तर मी अजून त्या कडेलाच आहे.

शेवटी रेवाच ओरडली, “आजा, आम्ही आलो!” पावरीत.

बाबा बाहेर आला. रेवाला त्याने आत ढकललं, “जा, आजी भाकरी करतेय.” माझ्यासाठी तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला, आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत काहीही न विचारता समोर उभा राहिला.