फोनवर सांगायच्या गोष्टी

आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी असायची. नवऱ्याला फोनवर सांगायच्या तीन गोष्टी मी त्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. लेकीला गणितात चांगले मार्क पडले. शेवंती फुलली. शेजारच्या भाभींनी गाजरहलवा पाठवला. फोन कधी येईल याचा नेम नसायचा आणि आला तरी दोन-चार मिनिटांत तुटायचा. आयत्या वेळी तोंडातून भलतंच काही निघू नये म्हणून ही तजवीज. भलतंच म्हणजे खरं.

नवरा लष्करात आहे. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. बदल्यांमागून फिरत फिरत लखनऊ छावणीत येऊन पडलो आणि वर्षभरात त्याची पलटण वर डोंगरात गेली. तिथे कुटुंब नेता येत नाही. नेमकं कुठे, हे मलाही सांगितलेलं नाही. खाली क्वार्टरमध्ये मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. 'आई' ही एवढी एकच हाक शाबूत राहिली आहे.

तो पहिल्यांदा असा लांब गेला तेव्हा पलटणीतल्या बायकांच्या चहाला एका वयस्कर मॅडमनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, "बेटा, फ़ोन पर रोना मत. घर की टेंशन से आदमी का ध्यान बँटता है, और वहाँ ध्यान बँट गया तो..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत. माझ्या हातावर थोपटून दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. ते अर्धं वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलंय, आणि मूर्खासारखं मुलीलाही शिकवलंय. "पापांना काही सांगायचं नाही हं. त्यांचं लक्ष उडतं." गॅस संपला, ताप आला, शाळेत कुणी ढकललं, तरी फोनवर आपलं सगळं मजेत.

मी मुळात घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. लष्करातल्या बायकांबद्दल लोक काहीबाही कौतुकानं बोलतात, तेव्हा मला हसू येतं. छावणीतले रस्ते शांत असतात आणि त्या शांततेचाच मला त्रास होतो, कारण लांबून येणारी गाडी फार आधी ऐकू येते. वाईट बातमी फोनवर देत नाहीत. गाडी येते, दोघं-तिघं गणवेशात उतरतात, बरोबर एखादी बाई असते. हे इथे प्रत्येकीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्या गल्लीच्या वळणावर गाडीचा वेग कमी झाला की माझ्या छातीत धस्स होतं. आता आपण इथेच पडणार असं वाटतं.

यावर माझे उपाय ठरलेले होते. फार वाटायला लागलं की न्हाणीघरात जायचं, कडी लावायची, नळ पूर्ण सोडायचा आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. एकोणतीसचाच, कारण तो मला कधीच नीट आला नाही. आठवताना डोकं तिकडे गुंतून राहतं. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत पोचले की श्वास जरा जागेवर येतो. मग तोंड धुऊन बाहेर. हिवाळ्यात दुसरा उपाय मटाराचा. लखनऊत थंडी पडली की मटार स्वस्त होतो. मी ठेल्यावरून पाच-पाच किलो आणायचे आणि वर्तमानपत्र पसरून सोलत बसायचे. फ्रीजर भरला तरी आणायचे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. नवऱ्याचा फोन येऊन पाच दिवस झाले होते. टीव्हीवर वरच्या भागातल्या कसल्याशा बातम्या होत्या, म्हणून मी टीव्ही बंदच ठेवला होता. बाहेर इतकं धुकं की समोरची भिंत दिसत नव्हती. मुलगी शाळेतून आली की माझ्यासमोर मटार सोलायला बसायची. जेवणात मात्र लक्ष नव्हतं. "भूख नहीं है, आई." एकदा उलटी झाली, तर मी म्हटलं, कच्चा मटार खाल्लास ना, भोग आता. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे बघतच नव्हते. माझे कान वळणावर होते.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी थांबली आणि बेल वाजली. मी दाराकडे गेलेच नाही. ओट्याला धरून उभी राहिले. मुलगीच सावकाश चालत गेली. सिलिंडरवाला होता. दार उघडंच ठेवून ती परत आली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "गैस वाला है, आई. बस गैस वाला." तिचा एक हात पोटावर होता. तो मला दिसला होता. दिसूनही मी सिलिंडर कुठे ठेवायचा ते सांगायला गेले.

सहाव्या दिवशी दुपारी फोन आला. माझ्या जिवात जीव आला. मी चिठ्ठीसमोर उभी राहून तीन गोष्टी सांगितल्या, तो हसला, मग मी फोन मुलीला दिला. ती खुर्चीवर वाकून बसली होती. "हाँ पापा. सब ठीक. सब मस्त. आप खाना खाते हो ना?" आवाज अगदी ठणठणीत. फोन तुटला. ती उठली, भिंतीला धरत न्हाणीघरात गेली आणि कडी लावली. मग नळ सुटल्याचा आवाज आला.

दाराला कान लावून मी उभी होते. पाण्याच्या आवाजाआड ती काहीतरी पुटपुटत होती. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मराठीत. तिला शाळेत पाढे हिंदी-इंग्रजीत शिकवतात. हा मी कधीही शिकवलेला नव्हता. त्रिक सत्त्याऐंशीपाशी ती थांबली आणि कण्हली. ते ऐकून मी दार ठोठावलं. दार उघडायला लावलं तर अंग तापलेलं. उजवीकडे पोटाला हात लावू देईना.

शेजारच्या भाभींनी त्यांच्या गाडीतून आम्हाला इस्पितळात नेलं. धुक्यात गाडी गोगलगायीसारखी चालली होती आणि मी मागे तिला मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर बाईंनी विचारलं, "दर्द कब से है, बेटा?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काय सांगायची परवानगी आहे ते ती शोधत होती. मी म्हटलं, "खरं सांग. जे असेल ते सांग." मग ती म्हणाली, "चार दिन से." थोड्या वेळानं अगदी हळू, "पापा को तो नहीं बोलोगी ना?"

अपेंडिक्स होतं. आणखी उशीर केला असता तर फुटलं असतं, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ऑपरेशन झालं तितका वेळ मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मला एकोणतीसचा पाढा एकेच्या पुढे आठवत नव्हता. कुठलाच उपाय चालला नाही. नुसती भीती होती, ती सगळीच्या सगळी सोसावी लागली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पलंगाशी बसले असताना मोबाइल वाजला. तोच होता, कधी नव्हे ते लागोपाठ. चिठ्ठी घरी फ्रिजवर. मुलगी डोळे मोठे करून मान हलवत होती, नको, नको. मी फोन कानाला लावला आणि एका दमात बोलून टाकलं, "अहो, पोरीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे आता. मी खूप घाबरले होते. अजूनही घाबरलेली आहे. इथे सगळं मजेत नसतं हो."

फोन तुटला असं वाटलं. मग तो म्हणाला, "कधी झालं?" आवाज ओळखू येत नव्हता. मी सांगायला लागले आणि तेवढ्यात खरंच तुटला.

मुलीनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. टाके दुखतात म्हणून ती रडू आवरत होती आणि आवरत नव्हतं. मी केसांवरून हात फिरवला तर झटकला. "क्यों बताया? अब पापा का ध्यान बँट जाएगा. अब उनको गोली लग जाएगी." चार दिवस पोट धरून ती एवढ्यासाठी गप्प होती. आपण दुखतंय म्हटलं तर बाप मरेल, असं नऊ वर्षांच्या पोरीनं मनाशी धरलं होतं, आणि ते तिला मी शिकवलं होतं. असं काही नसतं गं, हे माझ्याच्यानं म्हणवलं नाही. कारण ती म्हणत होती त्यावर माझाही विश्वास होता, त्या क्षणीसुद्धा होता.

तिला घरी आणलं. पुढचे आठ दिवस फोन आला नाही. असे आठ दिवस शत्रूलाही नकोत. वळणावर गाडी आली की आम्ही दोघी बोलता बोलता थांबायचो. ती माझ्याकडे बघायची आणि मी नजर चुकवायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. "भीती वाटतेय?" मी विचारायचे. "हाँ." "मलापण." गाडी पुढे निघून गेली की आम्ही पुन्हा बोलायला लागायचो. नळ मात्र कुणी सोडला नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी पाचला फोन वाजला. मी हात पुसेपर्यंत तिनं उचलला. नमस्ते नाही, काही नाही. "पापा, आप ज़िंदा हो ना?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग पाटावर बसली, फोन दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली. कधी दुखायला लागलं, कुठे दुखलं, उलटीत काय पडलं, सुई किती मोठी होती. तुटेपर्यंत ती सांगत होती. मला बोलायला मिळालं नाही.