कांडी भरली

या सदरातले न उलगडलेले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. मी मोबाइल दुरुस्तीचा माणूस. "आपोआप बंद पडला" म्हणत लोक फोन घेऊन येतात. उघडून पाहिलं की आत पाणी गेलेलं असतं, नाहीतर सोल्डरचा एखादा टाका सुटलेला असतो. आपोआप काही होत नाही, हे मी गिऱ्हाइकांना इतकं ऐकवलंय की आता बायको घरी मलाच ते ऐकवते. तर असा मी आज इथे लिहायला बसलोय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. दुकान कोंढ्याला, घर पवनीत, विणकरांच्या मोहल्ल्यात. समोरच्या खोलीत बाबांचा हातमाग होता. खड्ड्याचा माग – म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायांनी माग चालवायचा. बाबा गेले, माग मोडीत गेला, मी खड्डा बुजवून वर पांढरी फरशी बसवली. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं. बायको शुभांगी शहापूरची, धानशेतीच्या घरातली, तिने तो माग कधी पाहिलाच नाही. मग आमची पाच वर्षांची स्वरा कुठून पाहणार?

स्वरा जेवायची ती मोबाइल पाहत. कार्टून लावलं की तोंड उघडायचं, की घास आत. वरणभात, पोळी, बिस्किटं, काहीही. ताट रिकामं झालं की आम्ही खूश. शुभांगी अंगणवाडी सेविका. दुसऱ्यांच्या लेकरांचं वजन वाढत नाही म्हणून दिवसभर हिचा जीव खालीवर, त्यामुळे घरची गुटगुटीत पोर पाहून तिला बरंच वाटायचं. मलाही वाटायचं.

मग शाळेच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायला लागली. आणि एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाही जात शाळेत. मले जाडी म्हणते सगळे."

भंडाऱ्याच्या डॉक्टरीण बाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, आजार काही नाही. हिला उपाशी ठेवू नका, आणि 'जाड' हा शब्द घरात नको. उंची वाढते आहे, वजन आहे तिथेच राहिलं तरी पुष्कळ झालं. रोज मनसोक्त खेळू द्या. जेवताना मोबाइल बंद, घरातल्या सगळ्यांचा. "पोट भरलं हे तिला कळतच नाही, कारण तिचं लक्ष तिथे नसतं. ते तिला पुन्हा कळायला हवं."

आता हे शिकवायचं कसं? पहिले काही दिवस नुसती रडारड. एकदा ताटच भिरकावलं. कधी एवढंसं खाऊन उठायची, कधी "अजून, अजून" म्हणत मागतच राहायची. "पोट भरलं का?" विचारलं की आमच्या तोंडाकडे पाहायची. खरंच कळत नव्हतं हो तिला. शुभांगी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. आणि मी? गिऱ्हाइकाचा फोन येईल म्हणून माझा मोबाइल मांडीवर असायचाच.

माझी आई त्या काळात घरी नव्हती. बहिणीच्या बाळंतपणासाठी सानगडीला गेली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तुमची पहिली शंका आईवरच असणार.

एका रविवारी दुपारी शुभांगीने वाढलं, तर स्वरा ताट उचलून समोरच्या खोलीत निघून गेली. रुसली असेल म्हणून आम्ही जाऊ दिलं. बराच वेळ आवाज नाही, तेव्हा मी डोकावलो. ती दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक घास खायची, चमचा खाली ठेवायची, आणि डावा हात गोल-गोल फिरवायची. उजव्या हाताच्या चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून ती चिमूट हळूहळू इकडून तिकडे न्यायची. मग उजव्या बाजूला पाहून मान हलवायची. पुन्हा घास.

मी चौकटीला धरून उभा राहिलो. पोर कांडी भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी होडीत, बसवायची सुताची नळी. चरख्यासारखा राहाट फिरवून ती भरायचं काम विणकराच्या घरात पोरांचं. मी डावखुरा, म्हणून बाबांनी माझा राहाट उलटा मांडला होता – मागाच्या शेजारी, भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ. स्वरा नेमकी तिथेच बसली होती. आणि ती डावखुरी नाही.

अर्धं ताट उरलं असताना तिने ते बाजूला सरकवलं. "कांडी भरली."

मी जवळ जाऊन बसलो. "काय म्हणालीस बेटा?"

"कांडी भरली. अजून भरली तर धोट्यात अडकते ना, पप्पा."

हे बाबांचं बोलणं. लहानपणी मी हावरटासारखा जेवायला लागलो की ते म्हणायचे, "कांडी भरली का रे? मंग थांबव हात. जास्त भरली तर धोट्यात अडकते." माग गेल्यापासून हे शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलेले नाहीत. मीही नाही.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"इथं बसते ना, ते." तिने उजवीकडे बोट दाखवलं. तिथे पांढरी फरशी होती.

"कसे बसते ते?"

"पाय सोडून."

"अवं, पण इथं तर फरशी आहे. पाय कुठं सोडते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही. "खाली," ती म्हणाली.

मी माझ्या सवयीने टाका शोधायला लागलो. घरातल्या दोन्ही फोनची हिस्टरी काढली. गाणी, कार्टून, बाहुल्या. मागाचा एकही व्हिडिओ नाही. सानगडीला आईला फोन केला, तू काही सांगितलं होतंस का? ती म्हणाली, "मी कायले सांगू रे? मी त्या मागाचं नाव तरी काढतो का कधी?" आणि पुढे, "जेवली ना पण पोरगी?"

शुभांगी माझ्यापेक्षा धीराची. "काहून घाबरून राहिले तुमी? जे कोणी असन, पोरीचं भलंच करून राहिले ना," म्हणाली आणि संध्याकाळी आमची ताटंही तिने तिथेच मांडली.

तेव्हापासून आम्ही तिथेच जेवतो. कांडी भरली की स्वरा थांबायची. कधी पूर्ण ताट संपवून, कधी निम्म्यावर. रडणं थांबलं. ताट ठेवलं की बाहेर मोहल्ल्यातल्या पोरींमध्ये पळायची. बिस्किटाचा पुडा पुढे केला तर कधी घ्यायची, कधी "नको" म्हणायची, आणि ते "नको" ऐकून शुभांगीने माझा हात दाबला होता. पुढे शाळेच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढून वर उभी राहायला लागली. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय केलंत? आम्ही सांगितलं, जेवताना तिचं मोबाइल पाहणं बंद केलं. खोटं नव्हतं ते.

मग एके दिवशी ती आमच्याकडे तोंड करून जेवायला बसली.

"आज कांडी नाही भरायची?" मी विचारलं.

"ते नाही येत आता. म्हणाले, आता तुयं तुलेच समजते."

मला राहवेना. "माझ्याबद्दल काही बोलले का बेटा?"

तिने जरा आठवून पाहिलं. "नाही. तुमच्याकडे पाहत राहे नुसते. तुमी मोबाइल पाहून राहिले होते."

याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा. जेवताना माझा फोन आता बंद असतो, दुकानाच्या पिशवीत. घास घेता घेता कधी कधी मी बाबांचा माग होता तिकडे पाहतो. फरशीच असते. तरी पाहतो.