पिराजी गुळव्याची खूण

कसबा बावड्यात बाळासोंच्या गुऱ्हाळावर पिराजी गुळव्या होता. काहिलीत उसाचा रस आटत असतो, त्याचा गूळ नेमका कधी होतो हे सांगायचं, एवढंच त्याचं काम. पाक झाला की "उतरा!" म्हणून ओरडायचं आणि गड्यांनी काहील चुलवणावरून ओढायची. पण हा शब्द जरा आधी पडला तर ढेप बसत नाही, गूळ चिकट राहतो. उशिरा पडला तर करपतो. पिराजीचा शब्द कधी चुकला नाही. आणि हे कसब कुणीतरी चोरेल या धास्तीनं त्याचा या जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता.

नवा गडी आला की हा कुणी पाठवला, मालक हसून बोलला की आज एवढा गोड का, असल्या शंका त्याच्या डोक्यात सदा शिजत. दहावीला आपटलेला त्याचा पोरगा ज्ञानू गुऱ्हाळावर आला, तर त्याला यानं जाळाला बसवलं. चुलवणात चिपाडं सारायची, वर बघायचं नाही.

"आबा, पाक कवा दावणार?"

"दावू की. पळून चाललाय व्हय पाक?"

पाक पळत नव्हता, पण पोराची वर्षं पळत होती. पिराजीला ते दिसत नव्हतं असं नाही. पोरगं तयार झालं की मालक म्हाताऱ्याला घरी बसवणार, ही त्याची भीती. सख्ख्या पोराबद्दल असं वाटणं वाईट, पण वाटायचं खरं.

शहाण्णव सालच्या हंगामात शिवलीला आली. निपाणीकडची, शेतकीची पदवी घेतलेली, एका प्रशिक्षण केंद्रात नव्यानं लागलेली. हातात लांबलचक काचेचं तापमापक. चपला बाहेर काढून ती काहिलीपाशी आली आणि म्हणाली, "काका, माझं शिक्षण पुस्तकातलं. पाक तुम्हालाच कळतो. तुम्ही 'झाला' म्हणाल तेव्हा पारा कुठं आहे, एवढंच मी बघणार."

दुसरा कुणी असता तर फुगला असता. पिराजी मात्र त्या काचेकडं बघत राहिला. एवढंच? अरे, एवढंच तर त्याच्यापाशी होतं! उद्या हे काचेचं कांडं हातात घेऊन कुणीही सोम्यागोम्या गुळव्या होणार. बाई एवढी गोड बोलतेय म्हणजे मालकानंच आणली असणार, हेही त्यानं ठरवून टाकलं.

बाईला हाकलणं त्याच्या हातात नव्हतं. मग त्यानं डोकं चालवलं. पाकाला अजून जाळ लागणार होता, तेवढ्यात तो ठणकावून म्हणाला, "झाला!" शिवलीलेनं वाकून पारा बघितला आणि काचेवर त्या रेघेपाशी लाल दोरा बांधला.

"मग काहील उतरवत का नाहीत, काका?"

"पयली पळी चुलवणाला, म्याडम. निवद दावल्याबिगर काहील हलवायची न्हाय. आमच्यात तसंच चालतंय."

असं कुणाच्यातच चालत नव्हतं. पिराजीनं पळीभर पाक घेतला, चुलवणाला सावकाश ओवाळला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आठवतील तेवढ्या देवांची नावं घेतली. गडी तोंडाला फडकं लावून हसत होते. शिवलीला हात जोडून उभी. देव संपेपर्यंत पाक खरोखर तयार झाला, काहील उतरली, ढेपा खणखणीत बसल्या. पुढचे सगळे दिवस त्यानं हेच नाटक केलं. जाताना पोरगी पाया पडली. तेव्हा पिराजीला थोडं टोचलं, पण थोडंच.

सात वर्षं गेली. पन्हाळ्याच्या पायथ्याला महांतेश नावाच्या व्यापाऱ्यानं नवं गुऱ्हाळ काढलं. त्याचा गूळ खोक्यांतून लांबच्या दुकानांत जायचा होता, आणि त्याला प्रमाणपत्रवाला गुळव्या हवा होता. ज्ञानूनं बापाला न विचारता प्रशिक्षण केंद्रातला गुळव्यांचा वर्ग केला, प्रमाणपत्र आणलं आणि जागा मिळवली. पोराच्या चेहऱ्यावर इतका आनंद बायडाबाईनं, त्याच्या आईनं, कधी बघितला नव्हता.

"वर्ग कोन घेतंय?" पिराजीनं विचारलं.

"शिवलीला म्याडम."

पिराजीचा घास तोंडातच राहिला. आता त्या रेघेचं खरं सांगावं का? सांगितलं तर पोरगं म्याडमला सांगणार, म्याडम बाळासोंना, आणि बावडाभर बोभाटा. शिवाय एवढी शिकलेली बाई, तिनं इतक्या वर्षांत ती रेघ तपासलीच असेल की. अशी त्यानं मनाची समजूत घातली. तिनं तपासली नव्हती. जाणत्या माणसाचा शब्द तपासायचा नसतो, असं ती धरून चालली होती. वर्ग सगळा फळ्यावरचा. काहील होती ती चित्रात.

पहिल्या आधणाला, म्हणजे पहिली काहील चढली तेव्हा, महांतेशनं पिराजीला मानानं बोलावलं. ज्ञानूनं तापमापक काहिलीत धरलं. पारा चढत चढत त्या रेघेला आला. पाकाचे बुडबुडे बघून पिराजीला कळलं, अजून अवकाश आहे. ज्ञानूनं एकदा बापाच्या तोंडाकडे बघितलं. पिराजीच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की कार्टं माझ्या तोंडावरून पाक वाचतंय! त्यानं चेहरा कोरा केला.

"उतरा!" ज्ञानू ओरडला.

ढेप बसलीच नाही. कापड सोडलं तर गूळ पसरला. महांतेश तापला.

"काय रे ए, प्रमाणपत्र बाजारातनं आणलंस व्हय?"

"न्हाय मालक," ज्ञानू म्हणाला. "म्याडम वर्गात म्हनाल्या, ही खूण कसबा बावड्याच्या पिराजी गुळव्याची. समदी पोरं वळून माझ्याकडं बघाय लागली. मग मी दुसरं काय विचारलंच न्हाय. माझ्या बाची खूण म्हनल्यावर काय विचारायचं?"

महांतेशनं पिराजीकडे मोहरा वळवला. "काय पावणं? खूण तुमची. चुकली म्हणायची का?"

 पिराजीला पोराचा चेहरा दिसत होता, त्यावरची आशाही दिसत होती. एक शब्द पुरे होता.

"खूण बरोबर हाय," पिराजी म्हणाला. "पोराला बघाय येत न्हाय."

महांतेशनं ज्ञानूला त्याच दिवशी काढलं. ज्ञानू परत बाळासोंच्या गुऱ्हाळावर आला आणि जाळाला बसला. पाक कधी दाखवणार, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. काहिलीपाशी उभ्या पिराजीला मात्र दर आधणाला वाटायचं, याला सगळं कळलंय, म्हणूनच हा विचारत नाही.