नव्वद मिनिटांची हळद

कॅसेटी जमवतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा जुन्या गाण्यांचा शौकीन असणार. तसं काही नाही. गाणी काय, फोनवर हवी तेवढी मिळतात. मला आवडतात त्या लोकांनी घरी भरलेल्या कॅसेटी. कुणाचं तरी पोर पाढे म्हणतंय आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. कुणाच्या बारशाचा गोंधळ. आखातातल्या नवऱ्याला पाठवलेलं एक बोलकं पत्र आहे माझ्याकडे, त्यात ती बाई पहिली पंधरा मिनिटं फक्त नळावरच्या भांडणाबद्दल बोलते आणि शेवटी घाईघाईत म्हणते, “बरं, तब्येतीला जपा, कॅसेट संपली.”

आमच्या दहिसरच्या घरात या कॅसेटी दिवाणाखाली, माळ्यावर आणि टीव्हीच्या मागे असतात. बायको म्हणते, “घरात आपण दोघं आणि हे शेकडो अनोळखी लोक.” मरोळच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानातून मी मोठ्या रिळांवरची टेप वाजवणारं जुनं स्पूलचं मशीन आणलं, तेव्हा तर तिने कपाळावर हात मारला. माझी पाठ चार दिवस धरली होती, ते वेगळंच. त्या मशीनवर तिने मनीप्लांट ठेवलाय. स्पूल लावायचा झाला तर आधी झाडाची परवानगी घ्यावी लागते.

गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या दोन चाळी टॉवरसाठी रिकाम्या झाल्या. लोक भाड्याच्या घरात जाताना निम्मं सामान काढून टाकतात. नदीकडच्या गल्लीतला भंगारवाला आता मला ओळखतो. त्याने लांबूनच हाक मारली, “काका, तुमचा माल आलाय!” पिशवीत सात कॅसेटी होत्या. सहा आरत्यांच्या, दुकानातून विकत घेतलेल्या. सातवी नव्वद मिनिटांची, टेपवर पांढरी बुरशी, आणि कागदावर निळ्या पेनाने एकच शब्द: हळद.

बुरशीची कॅसेट तशीच लावली तर टेपरेकॉर्डरची वाट लागते. मी तिचे पाच स्क्रू काढले, टेप दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवली आणि कापूस धरून, पेन्सिलीने गोल गोल फिरवत इंचाइंचाने पुसली. दोन सकाळी त्यात गेल्या. रविवारी चहा झाल्यावर ती लावली.

आधी नुसतीच खरखर. मग भांड्यांचे आवाज, एक बाळ रडतंय, आणि बायका हळदीची गाणी म्हणतायत. चांगल्या म्हणत होत्या. पण सगळ्यांच्या वर एक आवाज होता. तो गाणं अर्ध्यात तोडून ओरडला, “गो पोरींनो, सकालपासून खाल्लं नाय काय? आवाज काढा जरा!”

स्वयंपाकघरातून बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. “अहो, ही आपली मासेवाली मावशी!”

खरंच की. गेली वीस वर्षं आम्ही जिच्याकडून मासे घेतो, तिचाच हा आवाज. बाजाराच्या तोंडाशी पोचलं की आत कुठे बसलीय ते कळतं. आम्ही दोघांनी अख्खी कॅसेट ऐकली. पोळ्या उशिरा झाल्या, आणि त्याबद्दल मला कुणी बोललं नाही.

बुधवारी मी छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून बाजारात गेलो. मावशी सुरमई कापत होती.

“मावशी, तुझ्यासाठी एक गंमत आणलीय.”

“मासा घेतंस की गंमतच करतंस?”

मी बटण दाबलं. तिचा कोयता सुरमईत अर्ध्यावरच थांबला. शेजारच्या दोघी वाकून ऐकायला लागल्या.

“ओळखलास ना आवाज? तुझाच,” मी म्हणालो.

“माजा नाय रे,” ती हळू बोलली. ती हळू बोलू शकते हेच मला तोवर माहीत नव्हतं. “माजे सासूचा हाय.”

शेजारची म्हणाली, “अगो, पन तुजाच वाटतो!”

“तीस वर्सं तिचा ओरडा खाल्ला मी,” मावशी म्हणाली. “घसा फाटस्तोवर भांडलो आमी दोघी. आनी आता तुमी बोलता, माजा आवाज!” मग ती एकदम हसत सुटली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

ही हळद तिच्या नणंदेची होती. नणंद लग्न करून दहिसरच्या चाळीत आली, ती चाळ आता पडली. मावशीने तिथल्या तिथे, खवले लागलेल्या हातांनी नणंदेला फोन लावला. “गो बया, तुजी हळद भंगारात टाकलीस?” पलीकडून मुलावर खापर फुटलेलं मलाही ऐकू आलं.

फोन ठेवून ती म्हणाली, “म्हातारी हाय अजून. पडून असते. ऐकू कमी येतं, बोलत पन नाय जास्त. तिच्या कानाशी लावशील?”

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी आलं ते असं: आता ही कॅसेट हातची जाणार. तिची नक्कल मी सोमवारीच फोनमध्ये करून ठेवली होती. तरी नक्कल ती नक्कलच. पण मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बोरिवलीहून बोटीने गोराईला मावशीच्या घरी गेलो. जेवायचं आमंत्रण होतं, म्हणून बायको खुशीत होती. म्हातारी ओटीवर खाटेवर बसली होती, मूठभर देहाची. मी माझे मोठे हेडफोन तिच्या कानांवर बसवले, आवाज पूर्ण वाढवला. घरातली सगळी माणसं आणि शेजारचीही चार भोवती उभी.

बराच वेळ ती नुसती समोर बघत होती. मला वाटलं, आपण उगाच आलो. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि मोठ्याने विचारलं, “कोन गो ही बाई? कवरी बोंबलते!”

ओटीवर जो हशा उठला! मावशीने तिचा एक कान मोकळा करून सांगितलं, “आये, तूच हायस ती!”

“मी? मी नाय अशी बोंबलत.”

पुन्हा हशा. तिने मात्र हेडफोन स्वतःच्या हाताने नीट लावून घेतले आणि ऐकत राहिली. हळूहळू हवेत बोट करून एकेकीला ओळखायला लागली. “ही माजी भैन. गेली. ही पन गेली. हिनं माजं मोठं पातेलं नेलं, दिलंच नाय.” मावशी तिच्या पायाशी बसून होती. एकेक नाव ऐकून मान हलवत होती. एक बाजू संपली, खटका पडला, तेव्हा म्हातारीने हाताचा पंजा उलटा करून दाखवला. मी कॅसेट उलटवली.

निघताना मी हेडफोनला हात घातला, तर तिने ते कानांशी घट्ट धरले. मग मी टेपरेकॉर्डर, हेडफोन, सगळंच ठेवून आलो. बोटीत बायको म्हणाली, “बरं केलंत.” असं ती माझ्या या छंदाबद्दल पहिल्यांदाच म्हणाली.

आठवड्याभरात नणंदेचा फोन. हळद तिची, तिलाही कॅसेट हवी. फोनवर पाठवतो म्हटलं तर नको म्हणाली. “आमच्याकडे जुना टेप हाय, चालतो. कॅसेटच द्या.” आता नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणायची कुठून? मी दिवाणाखालचे सगळे खोके उपसले. कोरी एकही नाही. जिच्यावर पुन्हा भरायला हरकत नाही अशी एकच सापडली. तिच्यात मी होतो, बाविशीतला, नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी बोलायचा सराव करत. घसा खाकरत, त्याच वाक्यावर पाच वेळा अडखळत.

एकदा पूर्ण ऐकली. मग मागे गुंडाळून घेतली आणि तिच्यावर हळद भरली.