बिनमिठाचं माडगं

जिन्यात कुणी शिंकलं की वरच्या मजल्यावरून साळवेबाईंचा आवाज यायचा, "काय खाल्लं आज?" पाकिटातलं सूप, असं उत्तर आलं की संपलंच. "सूप पाखडायला असतं. प्यायचं ते माडगं," असं त्या ठणकावत. बाई करमाडच्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं आणि शेवग्याचा पाला घालून केलेलं पातळ, गरम माडगं त्या आजाऱ्याला पाजत. त्याने रोग पळतो असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. "औषध डॉक्टरचंच घ्या. पण लढायला बळ लागतं, ते पोटातून येतं," एवढंच सांगत.

मला डेंग्यू झाला तेव्हा मी सिडकोतल्या त्या इमारतीत एकटा राहत होतो. देखभालीला वैजापूरहून आत्या आली. मी आतल्या खोलीत पडून. दारात काय येतं नि काय जातं, याचा मला पत्ता नसायचा. आत्या पाकिटातलं सूप उकळून द्यायची, ते घशाखाली उतरत नव्हतं.

एका सकाळी बाई थेट माझ्या खाटेपाशी आल्या. "काल मीठ घालायचं राहिलं बघ. तू बोलला कसा नाय?" मी विचारलं, कशात? बाई आत्याकडे वळल्या. मग सगळं बाहेर आलं. बाईंचा डबा रोज येत होता. आत्या तो मोरीत ओतायची, धुवायची आणि रिकामा देऊ नये म्हणून साखर घालून परत करायची. साखर! आजही आठवलं की माझं डोकं सणकतं. बाई बौद्ध, आम्ही पाटील. "त्यांच्या घरचं आपल्यात चालत नाय," आत्या मला म्हणाली, बाई समोर नसल्यासारखी.

मी ओरडायला गेलो, पण अशक्तपणाने आवाज फुटेना. बाईंनी आवाज चढवला नाही. "माझं सोडा, मला हे नवं नाय," त्या आत्याला म्हणाल्या. "आजारी लेकराच्या तोंडचं तुम्ही मोरीत ओतलं. आता डबा येणार नाय. ज्याला बळ पाहिजे त्यानं माझ्या घरी यावं."

मी भिंत धरून जिना चढलो. आत्या खालून हाका मारत राहिली. बाईंच्या घरी वाडगाभर माडगं प्यालो, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आत्या रागावून वैजापूरला निघून गेली.

यंदा उन्हाळ्यात बाई वारल्या. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती हळहळली. "चांगली बाई होती रे. हाताला लई चव होती तिच्या."

"तुला काय माहीत?" मी विचारलं, आणि फोन ठेवून दिला.