देखाव्याकडे पाठ

आमच्या सहलींच्या आचाऱ्यांनी भारतातील बहुतेक सर्व रमणीय स्थळे पाठमोऱ्या अवस्थेत पाहिली होती. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांच्या या पाठ फिरवण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. जिथे देखावा चांगला तिथे वारा फार, आणि वाऱ्यात शेगडी टिकवायची तर तिच्यावर अंगाचा आडोसा धरून, देखाव्याकडे पाठ करूनच बसावे लागते. कन्याकुमारीला तीन समुद्र एकत्र येताना पाहून आमचे प्रवासी गहिवरत, तेव्हा मामा त्या तिन्ही समुद्रांना पाठ दाखवून फोडणीत हिंग टाकत. "मामा, एकदा वळून तरी पाहा," असे मी म्हटले, तर म्हणाले, "सर, समुद्र उतू जात नाय. दूध जातं."

मी बदलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवतो. त्या काळी सुट्ट्यांत अंबरनाथच्या अण्णांच्या सहलींबरोबर मार्गदर्शक म्हणून जात असे. अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. वेळापत्रक त्यांचे आणि अध्यात्म माझे, अशी आमची वाटणी होती. 'जीवनाकडे पाहण्याची दृष्टी बदलणारी सात स्थळे' हे आमचे पत्रक मी लिहिले. त्यांतील चार स्थळे मी तोवर पाहिलेली नव्हती, हे आज कबूल करायला हवे. माझा आवाज जन्मतःच हळू आहे. लोकांना तो अंतर्मुख वाटे, आणि तो गैरसमज मी काळजीपूर्वक जपला.

मामा बारवी धरणाजवळच्या एका पाड्यावरचे. स्वतःची थोडी भातशेती, लग्नसराईत बदलापुरातल्या पंगती, आणि उरलेल्या दिवसांत आमच्या सहली. स्थळांविषयी त्यांची मते ठाम होती आणि ती सर्वस्वी पाण्यावरून बनलेली होती. काशीचे पाणी तूरडाळीला चांगले. द्वारकेला चहा करू नये. हिमालयाविषयी विचारले, की ते मान हलवत. "वर पाणी लवकर उकळतं, पण शिजवत काय नाय. तुमच्या मंडळींसारखं."

मंडळींविषयीचे हे मत निरोपाच्या कार्यक्रमांतून तयार झाले होते. प्रत्येक सहलीच्या शेवटी प्रवाशांनी एकेक करून उठायचे आणि या प्रवासाने आपल्यात काय बदल झाला ते सांगायचे, अशी प्रथा मी पाडली होती. कोणी राग सोडे, कोणी मोह सोडे. एका गृहस्थांनी ऋषिकेशला व्याह्यांना क्षमा केली. मामा मागे परातीत कणीक मळत ऐकत आणि पुढे महिनाभर बाजारात या लोकांवर लक्ष ठेवत. राग सोडलेल्या एक बाई बदलापूर स्टेशनबाहेर कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याचा उद्धार करत होत्या, तेव्हा मामा शेजारी कांदे निवडत होते. त्यांनी अतिशय आदराने विचारले, "ताई, गंगा किती दिवस टिकली?" बाईंनी अण्णांकडे तक्रार केली. अण्णांनी मला सांगितले. मी मामांना समज दिली, अर्थातच हळू आवाजात.

वालाचे बिरडे हा त्यांचा खरा मानबिंदू. रात्री वाल भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये प्रत्येक प्रवाशाच्या मांडीवर मूठमूठभर टाकायचे. तेवढी माणसे सोलायला दुसरीकडे कुठे मिळणार? मी माइकवरून बर्फाच्छादित शिखरांचे माहात्म्य सांगत असे आणि पस्तीस माणसे खाली मान घालून वालांची साले काढत असत. थंडीत वालाला मोड येत नाहीत म्हणून मामा ते गाठोडे पोटाशी घेऊन, वर दोन घोंगड्या ओढून झोपत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसू नका सर. उद्या ह्यालाच चांगलं म्हणाल."

लडाखमधल्या एका सरोवराकाठी हे सगळे माझ्या वेळापत्रकाशी येऊन भिडले. भर दुपारी पाण्याचा रंग बदलतो असे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून साडेबाराला जेवण आणि एक वाजता काठावर मौन, असा कार्यक्रम मी आखला होता. साडेबारा होऊन गेले तरी मामांचे पातेले चुलीवरच. झाकणावर दोन धोंडे ठेवलेले.

"मामा, उतरवा आता."

"नाय सर. अजून अर्धा तास. इथल्या पाण्याला जोर नाय."

"पाण्याचा रंग बदलला की पुन्हा यायचा नाही."

मामांनी एक वाल काढून बोटांत दाबला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो बगा. कच्चा हाय. वाल कच्चा राहिला तर जेवणारा रातभर आचाऱ्याची आठवण काढतो."

"माझ्या जबाबदारीवर उतरवा," मी म्हणालो. अण्णा जवळच उभे राहून घड्याळ बघत होते. मामांनी पातेले उतरवले.

एक वाजता आम्ही काठावर मांडी घालून बसलो. मी डोळे मिटायला सांगितले. त्या विराट निळाईसमोर आपला अहंकार विरघळू द्या, असे म्हणून मी थांबलो, आणि त्या नितळ शांततेत पहिला आवाज उल्हासनगरच्या कापड व्यापाऱ्यांच्या दिशेने आला. मग एका शिक्षिका बाईंकडून. मग दोन्ही बाजूंनी. मौन कोणी मोडले नाही. तोंडे सर्वांची मिटलेलीच होती. पाण्याचा रंग बदलला की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्या वेळी सगळे तंबूंच्या दिशेने चालले होते, काही जण बऱ्यापैकी वेगाने. दोघींना संध्याकाळी सलाइन लावावे लागले.

त्या रात्री प्रवाशांनी अण्णांना घेरले आणि अण्णांनी सर्वांदेखत मला विचारले, "काय झालं हो?" मी म्हणालो, "मामांचा अंदाज चुकला असावा." एवढेच. 'असावा' हे क्रियापद मी फार विचारपूर्वक निवडले होते. मामा चार हातांवर, आजारी मंडळींना मीठ-साखरेचे पाणी वाटत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुढचा पेला भरला.

परतल्यावर अण्णांनी दुसरा आचारी ठेवला. गोष्ट तिथेच संपली असे मी मानले. वर्षभराने आमच्याकडे पूजा होती आणि पत्नीने मामांना बोलवायचे ठरवले, तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "नको गं, ते कच्चे वालवाले. आता कोणी बोलवत नाही त्यांना." पत्नीने मला विचारले, "तुम्ही होतात ना तिथे? खरंच त्यांनी कच्चे वाढले?" मी हो म्हणालो. ते खोटेही नव्हते. त्यानंतर मात्र त्या विषयाशिवाय माझ्या डोक्यात दुसरे काही टिकेना. लोक विश्वास असेल तरच आचाऱ्याला घरात घेतात. तो मी एका वाक्यात काढून घेतला होता.

मी पाड्यावर गेलो. वाटेत क्षमायाचनेची वाक्ये जुळवली होती. ती चांगली जमली होती असे मला वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली. मामा गोठ्यात होते. त्यांनी सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हिला काय कळलं नाय, आणि मला आधीच ठाव हाय. मंग इथं बोलून काय उपयोग? जिथं बोललात तिथं बोला."

आमच्या जुन्या प्रवाशांचे वार्षिक स्नेहसंमेलन बदलापूरच्या एका सभागृहात होते. मी उठलो आणि सांगितले, की सरोवराकाठच्या त्या प्रसंगाला माझी घाई कारणीभूत होती. शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "सर, ऐकू येत नाही." मी पुन्हा सांगितले. टाळ्या पडल्या. माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल अण्णांनी दोन शब्द बोलून दाखवले. घरी परतताना मला हलके वाटत होते, आणि तेवढ्यावरूनच मी सावध व्हायला हवे होते.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "घाई झाली म्हनालात. आनि मी दोनदा सांगितलं व्हतं, ते?"

संमेलनातले माझे वाक्य मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले.

"नाय ना सांगितलंत. घाई तर कुणाचीबी व्हते सर. जा परत."

संमेलन पुन्हा वर्षभराने होणार होते. म्हणून मी घरोघरी जायचे ठरवले. पस्तीस प्रवासी, सत्तावीस घरे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. सात स्थळांचे पत्रक लिहिणारा मी यापूर्वी अंबरनाथच्या पूर्वेला कधी पायी फिरलो नव्हतो. दार उघडले, की मी उंबऱ्यातच सांगून टाकत असे, कारण एकदा चहा पुढे आला की वाक्य मऊ होते हे मला पहिल्या तीन घरांत समजले. एका आजोबांनी मला मतदार यादीवाला समजून आधार कार्ड आणून दाखवले. सलाइन लावलेल्या दोघींपैकी एका बाईंनी पूर्ण ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी आम्हाला डोळे मिटायला लावलेत." एवढे बोलून त्यांनी दार लावले. त्यांचे बरोबर होते.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये कापडवाल्या शेटजींच्या दुकानात गर्दी होती. मी गिऱ्हाइकांसमोरच सांगितले.

"अरे सर, एवढ्यासाठी आला? मी तर समजत होतो पहाडाची हवा लागली." त्यांनी माझ्यासाठी थंडा मागवला आणि हातातला कापड मोजायचा मीटर खाली ठेवला. "म्हणजे मामा की गलती नहीं. मग नंबर द्या ना त्यांचा. मुलीची मंगनी आहे, जावई मराठी, त्यांच्याकडचे लोग बिरडं-बिरडं करतात. हमारे रसोईवाले महाराज को तो नाव पण बोलता येत नाही."

शेवटचे घर अण्णांचे. ते मी मुद्दाम मागे ठेवले होते. अण्णांनी चष्मा काढला आणि पुसत म्हणाले, "मला नवीन काय सांगता? मी पातेल्याशेजारीच उभा होतो."

"मग मामांना का काढलंत?"

"तुमच्यासारखा बोलणारा मिळत नाही हो. आचारी मिळतो."

हे सांगायला मी तसाच पाड्यावर गेलो. मामा अंगणात मंगनीसाठी मोठी भांडी घासत होते. अण्णांचे वाक्य ऐकून त्यांना काही विशेष वाटले नाही, म्हणाले, "त्याला माहीत व्हतं, ते मला ठाव व्हतं." मी विचारले, "मग मला सत्तावीस दारं का फिरवलीत?" मनातून मी एका मोठ्या उत्तराची वाट पाहत होतो, आत्मशुद्धी वगैरे.

मामांनी माझ्याकडे, मी वर्गात मठ्ठ मुलाकडे पाहतो तसे, पाहिले. "माझी आर्डर गेलती सर. ती काय घरात बसून परत आली असती? तुमच्या मनाचं तुम्ही बगा. मला मंगनीचं बगायचंय."

मंगनीनंतर मामांना तीन वर्षे उसंत नव्हती. सहलींना मात्र ते पुन्हा आले नाहीत, आणि मीही गेलो नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, भात पोटरीत, लोंब्या अजून बाहेर पडायच्या असताना, ते गेले. अण्णांनी फोन करून प्रवाशांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी श्रद्धांजलीच्या चार ओळी मागितल्या. मी पाच लिहून दिल्या. ग्रुपवर चारच आल्या. हाताची चव, हसतमुख स्वभाव, मनमिळाऊपणा, भावपूर्ण आदरांजली. गाळलेली पाचवी ओळ मी स्वतः टाकली: सरोवराकाठी वाल कच्चे आहेत, उतरवू नका, असे मामांनी मला दोनदा सांगितले होते.

दोघा-तिघांनी जोडलेल्या हातांची चित्रे टाकली. मग माझ्या तोंडावर दार लावलेल्या त्या सलाइनवाल्या बाईंनी विचारले, "त्यांच्या घरी जायला बारवीची बस कितीला असते?"