पाया पडणारं स्थळ

मला बघायला आलेल्या मुलाने आधी आमची म्हैस बघितली. शेवगावच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तो डॉक्टर होता, त्यामुळे सवय म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी नवी साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन समोर उभी होते आणि हा खिडकीतून गोठ्याकडे बघत माझ्या वडिलांना म्हणाला, "हिच्या मागच्या खुराला सूज आहे." माझ्या रूपाबद्दल एवढी आपुलकी कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

त्याची आई कोल्हारहून आली होती. प्रवराकाठची बागायतदार माणसं आमच्या कोरड्या भागात आली की त्यांच्या चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्याचा भाव असतो. मी खाजगी क्लासमध्ये गणित शिकवते, याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "पाण्याचं कसं काय तुमच्याकडं?" एवढंच विचारलं. माझी आई हसून म्हणाली, "देवाच्या कृपेनं टँकर येळेवर येतो." आई अशी उत्तरं इतक्या गोड चेहऱ्याने देते, की समोरच्याला ती घरी पोचल्यावर लागतात.

पाहुणे गेल्यावर आत्याने निकाल दिला की पोरगा गर्विष्ठ आहे. आत्या आमच्याच गल्लीत राहते. घरातले निर्णय तीच घेते आणि मग वडिलांना कळवते की ते त्यांनी घेतले आहेत. यावेळी मलाही तिचं पटलं. कोल्हारहून होकार आला, तेव्हा वडिलांनी विचार करून सांगतो म्हणून वेळ मागून घेतला.

त्या वेळातच दुसरं स्थळ दारात उभं राहिलं. हे आत्याच्या सासरच्या नात्यातलं, नगरला प्लॉटिंगचा धंदा करणारं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, बाहेर पांढरी गाडी. आमच्याकडची धूळ सगळ्यांवर बसते, फक्त याच्यावर बसायला लाजत होती. आत येताच तो दिसेल त्याच्या पाया पडला. त्या गडबडीत भाडं द्यायला आलेल्या आमच्या भाडेकरूच्याही पडला. मग चहाची स्तुती झाली, भिंतीच्या रंगाची झाली, माझ्या विषयाची झाली. गणित त्याला लहानपणापासून फार आवडायचं म्हणे. त्यातलं काय आवडायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "सगळंच."

निघताना त्याने वडिलांना अगदी सहज विचारलं, की नवा रस्ता तुमच्या शेताला लागूनच जाणार आहे ना. मी एकुलती एक आहे, हे आत्याने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. एवढी सोपी बेरीज होती, पण घरात ती फक्त मलाच येत होती आणि नवरीमुलीच्या गणिताला कोण विचारतं?

तो येत राहिला. कधी पेढे, कधी आत्यासाठी गुडघ्याचं तेल. एका दुपारी त्याने चहाचा कप खाली ठेवून मोठा उसासा टाकला. आपण बोलणारच नव्हतो, पण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असं म्हणत त्याने आत्याला सांगितलं की त्या डॉक्टरने पूर्वी एक साखरपुडा मोडलाय. मुलगी सावळी म्हणून, तेही ऐन वेळी. ती बिचारी अजून माहेरीच बसून आहे. आत्याने पदराने डोळे पुसले. त्यानेही रुमाल काढला, तो अर्थातच पांढरा होता.

वडील कोल्हारला नकार कळवणार, तेवढ्यात तिकडूनच निरोप आला की तूर्त थांबावं. झालं! आम्ही नकार देणार होतो ते सगळे विसरले आणि आपल्याला नकार मिळाला म्हणून घर पेटलं. पांढऱ्या शर्टवाल्याने येऊन सगळ्यांची समजूत काढली. बरोबर बासुंदी आणली होती.

पुढे उन्हाळ्यात एका सकाळी म्हैस विताना अडली. आमचा नेहमीचा खाजगी डॉक्टर पाहुण्यांकडे लग्नाला गेलेला. राहिला तो सरकारी. त्याला बोलवायचं म्हणजे मान खाली घालणं, म्हणून वडील अंगणात येरझाऱ्या घालत बसले. शेवटी आईने फोन हातात घेतला. "तुमी मान-अपमान बघा," ती वडिलांना म्हणाली, "मी म्हस बघते."

तो मोटरसायकलवरून आला, कुणाला नमस्कारही न करता गोठ्यात गेला आणि खांद्यापर्यंत हातमोजा चढवून कामाला लागला. पारडाची मान आत मागे वळलेली होती. तोवर गल्लीतले पुरुष गोळा झाले होते. सल्ले द्यायला सगळे होते, दोरी धरायला मीच सापडले. "मी सांगेन तेव्हाच ओढा," तो म्हणाला. तो सांगेल तेव्हा मी ओढत राहिले आणि पारडी एकदाची बाहेर आली, ओली आणि रागावलेली. म्हशीने तिला चाटायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. तेही पारडीकडे बघूनच.

हात धुवायला पाणी घालताना मी सरळ विचारलं, "सावळी म्हणून तुम्ही एका मुलीशी झालेला साखरपुडा मोडलात, हे खरं का?"

त्याने साबण खाली ठेवला. "माझा साखरपुडाच कधी झालेला नाही."

मग थांबत थांबत त्याने त्याच्याकडची बाजू सांगितली. माझं क्लासमधल्या एका सरांशी ठरलंय आणि घरचे बळजबरीने दुसरीकडे देतायत, असं त्यांना कळलं होतं. बळजबरीचं लग्न नको, म्हणून ते थांबले. आमच्या क्लासमध्ये सर दोनच. एक वडिलांच्या वयाचे आणि दुसरे त्यांचे थोरले बंधू. हे सांगितलं कुणी, तर मुलीचा चुलतभाऊ म्हणवणारा एकजण कोल्हारला येऊन गेला होता. पांढऱ्या कपड्यातला. डॉक्टरच्या आईच्या पाया पडला आणि त्यांना तो फार संस्कारी वाटला.

"आणि त्या दिवशी म्हशीकडे काय बघत होतात?" मी विचारलं.

त्याने बराच वेळ हात पुसले. "तुमच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. कुठंतरी बघायला तर पाहिजे."

त्याच्या मानाने हे भाषणच होतं. माझ्या हातातला तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी मी तो वाकडा धरून उभी होते.

मी सगळं आईला सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही, आमरसाचा बेत केला. डॉक्टरला बोलावलं, त्याच्या आईला कोल्हारहून बोलावलं, आत्याला बसवलं आणि पांढऱ्या शर्टवाल्यालाही आग्रहाचं आमंत्रण दिलं. तो आला आणि सवयीने रांगेतल्या सगळ्यांच्या पाया पडत निघाला. शेवटचे पाय कोल्हारच्या बाईंचे निघाले. तिथून वर यायला त्याला जरा वेळ लागला.

"हाच की मुलीचा चुलतभाऊ," त्या म्हणाल्या.

"कुनाचा भाऊ?" आत्याने विचारलं. आत्याला कुणी फसवलेलं चालत नाही, ते काम तिचं असतं. "बरं, त्यो साखरपुडा कसा मोडला ते आता सांग. ह्यो नवरदेव समोरच बसलाय."

गैरसमज झाला, असं तो म्हणाला. मग कुणीतरी सांगितलं होतं, असं म्हणाला. आईने त्याची वाटी पुन्हा भरली आणि त्याने ती संपवली, याचं मला आजही कौतुक वाटतं. हात धुऊन आल्यावर तर त्याने जाहीर केलं, की त्याला आमच्या दोघांची परीक्षा घ्यायची होती आणि आम्ही पास झालो. डॉक्टरने मात्र पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मग बघतच राहिला, इतका की आत्याला खोकावं लागलं.

लग्नात तो पांढऱ्या शर्टवाला फेटा बांधून कार्यालयाच्या दारात अत्तर लावत उभा होता. फोटोंमध्ये नवऱ्यापेक्षा तोच जास्त आहे. पुढे रस्ता ओढ्याच्या पलीकडून गेला आणि त्याचं लग्नही ओढ्यापलीकडेच जमलं. आमचं लग्न आपण जमवलं, असं तो सांगतो. आत्याही तेच सांगते, म्हणून दोघांचं बोलणं बंद आहे.

मी मात्र लग्नानंतर बरेच दिवस नवऱ्याच्या गप्प बसण्यात काहीतरी खोल शोधत होते. हळूहळू कळलं की बहुतेक वेळा त्याला भूक लागलेली असते.